युकुलेलेची चौथी तार : हाय-जीवरून लो-जीवर, आणि परत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत युकुलेले, म्हणजे गिटारसारखे दिसणारे चार तारांचे छोटे वाद्य, हाती घेणाऱ्या अनेकांचे कान आधी पेटीवर किंवा गाण्याच्या क्लासमध्ये तयार झालेले असतात. त्यामुळे दोन-तीन महिन्यांत त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. भूप रागातली 'ग रे, सा ध़, सा रे ग' ही साधी स्वरसंगती वाजवायला घेतली की मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतापाशी हात अडतो, कारण तो स्वर वाद्यावर सापडतच नाही. यमनचा 'नि़ रे ग' घेताना तर पहिल्याच स्वराला थांबावे लागते. यात चूक हाताची नसते. दुकानातून आणलेल्या बहुतेक युकुलेलेंवर जी चौथी तार बसवलेली असते, तिच्यामुळे पेटीच्या पांढरी एकच्या (सीच्या) षड्जाखाली एकही स्वर शिल्लक राहत नाही. ती एक तार बदलली की मंद्र पंचमापर्यंतची जागा मोकळी होते. ही तार कशी निवडावी, कशी बदलावी आणि पुन्हा पूर्ववत कशी करावी, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहिले आहे.

आधी नावांचा गोंधळ दूर करू. वाद्य छातीशी धरल्यावर आपल्या हनुवटीच्या सर्वांत जवळ येते ती चौथी तार आणि जमिनीकडे असते ती पहिली. चौथीपासून पहिलीपर्यंत स्वर जी, सी, ई, ए असे असतात. सीला, म्हणजे पांढरी एकला, सा मानले तर प, सा, ग, ध. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे 261.6, 329.6 आणि 440 हर्ट्‌झ असते. प्रश्न फक्त चौथीचा आहे. ती 392 हर्ट्‌झवर, म्हणजे मध्य सप्तकातल्या पंचमावर लावली तर तिला हाय-जी म्हणतात, आणि 196 हर्ट्‌झवर, म्हणजे मंद्र पंचमावर लावली तर लो-जी. येथे 'हाय' आणि 'लो' हे शब्द स्वराच्या उंचीबद्दल आहेत, तारेच्या जागेबद्दल नाहीत. तार दोन्ही वेळा हनुवटीजवळच असते.

चौथी तार तिसरीपेक्षा चढी असणे नवख्या माणसाला विचित्र वाटते, पण तंबोऱ्याशी परिचय असलेल्याला ते तसे वाटू नये. तंबोऱ्यातही तारा खालून वर अशा चढत्या क्रमाने नसतात. पंचम, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी सर्वांत खालचा खर्ज, असा तो फेर असतो आणि त्या फेरातूनच त्याचा नाद भरतो. युकुलेलेची ही रचना पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आली. 23 ऑगस्ट 1879 रोजी 'रेव्हन्सक्रॅग' या जहाजातून तिथले स्थलांतरित होनोलुलूला उतरले, त्यांच्या लहान तंतुवाद्यांमधून हवाईत युकुलेले घडले, आणि त्यांतल्या राजाव नावाच्या पाच तारांच्या वाद्याची उलटसुलट स्वरांची जुळणी त्याला मिळाली. त्यामुळे हाय-जी म्हणजे नवशिक्यांसाठी केलेली सोय नव्हे. तीच या वाद्याची मूळ ओळख आहे. आजच्या काळातले ख्यातनाम वादक जेक शिमाबुकुरो टेनर आकाराच्या वाद्यावरही हाय-जीच वापरतात.

खुंटी पिळून काम का होत नाही

सर्वांत जास्त तारा आणि वेळ ज्या चुकीत वाया जातात, ती चूक आधी सांगतो. बसवलेली हाय-जी तार खुंटी सैल करून एक सप्तक खाली आणता येईल, असे अनेकांना वाटते. तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे दर सेंटीमीटरचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो. लांबी आणि वजन तेच ठेवले तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून 392 चे 196 करायचे असतील तर ताण निम्मा करून भागत नाही, तो एक चतुर्थांशावर आणावा लागतो, आणि एवढ्या ढिल्या तारेतून स्वर निघत नाही, नुसती फडफड ऐकू येते. याच्या उलट लो-जीची जाड तार हाय-जीपर्यंत चढवायला गेले तर ताण चौपट होईल. तार तुटेल, आणि तार टिकलीच तर तारा जिथे बांधलेल्या असतात तो ब्रिज लाकडापासून उखडण्याचा धोका आहे. ताण साधारण तेवढाच ठेवून सप्तक बदलायचे तर तारेचे वजन बदलावे लागते, म्हणजेच तार बदलावी लागते.

तार निवडताना

दोन्ही प्रकारांपैकी श्रेष्ठ कोणता, या वादात मी पडत नाही. आपल्याला काय वाजवायचे आहे हे पाहावे. ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावर चार मित्र गात आहेत आणि त्यांना साथ द्यायची आहे, तर हाय-जीची खळाळती, हलकी झणक मोकळ्या हवेतही गाण्याच्या वर स्पष्ट ऐकू येते. भावगीताची किंवा रागाची सुरावट एकट्याने छेडून वाजवायची असेल, तर लो-जीने मिळणारे पाच जादा स्वर फार मोलाचे आहेत. मोकळी तार मंद्र पंचम, पहिल्या पडद्यावर कोमल धैवत, दुसऱ्यावर शुद्ध धैवत, तिसऱ्यावर कोमल निषाद आणि चौथ्यावर शुद्ध निषाद.

वाद्याचा आकारही महत्त्वाचा आहे. तार ज्या दोन पट्ट्यांवर टेकते त्या डोक्याजवळच्या नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतच्या तारेची लांबी सोप्रानोवर साधारण 33 ते 35 सेंटीमीटर, कॉन्सर्टवर 38 आणि टेनरवर 43 सेंटीमीटरच्या आसपास असते. सोप्रानोची पोकळी लहान असल्याने खालच्या स्वराला तिच्यात पुरेसा घुमारा मिळत नाही, आणि आखूड लांबीवर लो-जीची तार थोडी ढिलीच राहते. ते अशक्य नाही, पण टेनरवर ऐकलेला भरदार मंद्र पंचम सोप्रानोवर मिळेल अशी अपेक्षा ठेवून तार घेऊ नये. कॉन्सर्ट आणि टेनरवर मात्र हा बदल मनापासून करावा असाच आहे. बॅरिटोन या आणखी मोठ्या आकाराच्या युकुलेलेची स्वरजुळणी मुळातच वेगळी असते, म्हणून तिला येथे बाजूला ठेवतो.

लो-जीची तार दोन प्रकारांत मिळते. एका प्रकारात आतल्या धाग्यावर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. तिची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते आणि आवाज खणखणीत असतो. दुसऱ्या प्रकारात पूर्ण तार एकसंध आणि गुळगुळीत, सहसा फ्लोरोकार्बनची असते. हा पदार्थ नायलॉनपेक्षा जड असल्याने तार त्या मानाने बारीक ठेवता येते, तरीही ती एक मिलिमीटरच्या जवळपास जाते. तुलनेसाठी हाय-जीची तार अर्धा ते सहा दशांश मिलिमीटर असते. माझा कल गुळगुळीत तारेकडे आहे, आणि त्याचे एक कारण आपली हवा आहे. खाडीकाठच्या दमट हवेत आणि हाताच्या घामाने धातूचे वेष्टण लवकर काळवंडते, नाद बसतो, आणि पडद्यांवर घासून तार झिजते. शिवाय बोट सरकताना होणारी करकर मंद लयीतल्या सुरावटीत फार बोचते. ज्यांना खालचा स्वर ठसठशीत हवा आहे त्यांनी वेष्टणाची तार अवश्य घ्यावी, पण ती इतर तारांपेक्षा आधी बदलावी लागेल हे धरून चालावे.

तार घेताना पाकिटावर वाद्याचा आकार आणि लो-जी असा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे, आणि शक्य असल्यास वाद्य बरोबर न्यावे. जवळच्या दुकानात गिटारच्या तारा सहज मिळतात, पण युकुलेलेची सुटी लो-जी मिळेलच असे नसते. ठाण्याहून किंवा वाशीहून लोकलने सीएसएमटीला उतरून धोबीतलावापर्यंत चालत गेले की वाद्यांच्या जुन्या दुकानांत तार हातात घेऊन पाहता येते. गिटारची स्टीलची तार मात्र कोणीही सुचवली तरी युकुलेलेवर चढवू नये. तिचा ताण पेलण्यासाठी हे वाद्य बनवलेलेच नसते.

तार उतरवणे आणि खाच तपासणे

कामाला बसताना टेबलावर जाड टॉवेल पसरावा, मानेखाली उशी किंवा गुंडाळलेला नॅपकिन ठेवावा, आणि सर्वांत आधी ब्रिजवरच्या गाठींचा मोबाइलवर जवळून फोटो काढावा. जुनी गाठ हाच पहिल्या वेळचा सर्वांत चांगला नकाशा असतो, आणि एकदा ती सुटली की तिचा वळसा आठवत नाही. बाकीच्या तीन तारांना हात लावू नये. चौथी तार खुंटी उलट फिरवून पूर्ण ढिली करावी, ताणात असलेली तार कधीही कापू नये, आणि ढिली झाल्यावर गाठ हळूच सोडवून तार काढून घ्यावी.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि नंतरच्या निम्म्या तक्रारी तिथूनच उगवतात. मानेच्या टोकाशी, डोक्याला लागून जी खाचांची पांढरी किंवा काळी पट्टी असते ती म्हणजे नट. तिच्यातली चौथी खाच बारीक तारेच्या मापाने कापलेली असते. नवी जाड तार बांधण्याआधी नुसती त्या खाचेत ठेवून पाहावी. ती तळाला टेकली आणि मागेपुढे सहज सरकली, तर पुढे जावे. ती खाचेच्या तोंडाशीच अडकून वर राहिली, तर तार पडद्यांपासून उंच राहील, पहिल्या तीन पडद्यांवर दाबताना जास्त ताणली जाईल, आणि मोकळी तार सुरात असूनही दाबलेले स्वर चढे येतील. तार तळाला टेकते पण दोन्ही बाजूंनी आवळली जाते, असेही होते. अशा वेळी खुंटी फिरवताना स्वर जागीच थांबतो आणि मग 'टक्' असा आवाज होऊन एकदम पुढे उडी मारतो. हा आवाज ऐकू आला तर दोष खुंटीचा नसून खाचेचा आहे असे समजावे.

अगदी किंचित आवळत असेल तर मऊ शिसपेन्सिलीची पूड खाचेत भरून पाहावी, अनेकदा तेवढ्याने काम होते. त्याहून अधिक गरज असेल तर वेष्टण असलेल्या जुन्या तारेचा तुकडा करवतीसारखा हलकेच मागेपुढे फिरवून किंवा 600 नंबरच्या पॉलिश पेपरची घडी घालून खाच रुंद करता येते. फक्त बाजूंच्या भिंती घासायच्या, तळ घासायचा नाही. चार-पाच वेळा घासले की थांबून तार ठेवून पाहायचे. खाचेचा उतार डोक्याच्या बाजूला किंचित खाली असावा, म्हणजे तार पडद्यांकडच्या कडेवरून सुटते. तळ खोल गेला तर तार पहिल्या पडद्याला लागून भणभणू लागते, आणि काढलेला पदार्थ परत घालता येत नाही. हात स्थिर नसेल, किंवा वाद्य महागाचे असेल, तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे. त्याच्याकडे मापाच्या कानशी असतात आणि काम थोड्या वेळाचे असते.

बांधणी

ब्रिजवर आरपार भोके असतील तर तार पोकळीच्या बाजूने भोकात घालून मागे काढावी आणि सात-आठ सेंटीमीटर टोक मोकळे ठेवावे. ते टोक ब्रिजवरून पुढे वळवून, तार जिथे भोकात शिरते तिथे तिच्या खालून घ्यावे, पुन्हा मागे आणावे आणि ब्रिजवर तयार झालेल्या वेढ्याखाली खोचावे. जाड तारेला एक वेढा पुरतो. बारीक, गुळगुळीत हाय-जीला दोन वेढे द्यावेत, नाहीतर ती रात्रीतून निसटते. शेवटचा खोचलेला टप्पा ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली यायला हवा, कारण तो वरच्या सपाट भागावर राहिला तर ताण येताच गाठ सुटते. ब्रिजला भोकांऐवजी खाचा असतील तर टोकाला गाठ मारून ती खाचेत अडकवायची असते. तिथे बारीक तारेला दुहेरी गाठच मारावी.

खुंटीच्या भोकातून तार ओवून दोन ते तीन वेढे बसतील इतकी ढील ठेवावी. वेढे एकमेकांखाली, लाकडाच्या दिशेने उतरत जावेत, आणि तार डोक्याच्या आतल्या बाजूने खुंटीवर चढावी. शेजारच्या तिसऱ्या तारेकडे पाहिले की दिशा लक्षात येते. दातेरी चाक नसलेल्या, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या असतील, तर जाड तारेने खुंटी परत फिरू लागते. अशा वेळी तिच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा आवळावा.

सुरात लावताना

क्लिपचा ट्यूनर हाताशी असला तरी येथे कान जागा ठेवावा, कारण असे बहुतेक ट्यूनर फक्त स्वराचे नाव दाखवतात, सप्तक दाखवत नाहीत. ऐरोलीहून शिकायला येणाऱ्या एका मुलीने हाय-जीची नवी तार लावली होती. ट्यूनरवर जी अक्षर हिरवे दिसले, ती थांबली, आणि आठवडाभर तिला तार ढिली का वाटते हे कळेना. ती तार एक सप्तक खाली होती. या फसगतीवर वाद्यातच उपाय आहे. लो-जी लावताना चौथ्या तारेचा पाचवा पडदा दाबावा. तो मोकळ्या तिसऱ्या तारेशी तंतोतंत जुळला पाहिजे. हाय-जी लावताना दुसऱ्या तारेचा तिसरा पडदा दाबून वाजवावा. मोकळी चौथी तार त्याच्याशी एकरूप झाली पाहिजे. स्वर पोहोचायच्या आधी एक-दोन मिनिटे थांबत, टप्प्याटप्प्याने चढवावे.

नवी तार काही दिवस उतरत राहते, आणि त्यात वाद्य किंवा तार सदोष असण्याचे कारण नाही. बाराव्या पडद्याजवळ तार दोन बोटांनी सेंटीमीटरभर हलकेच उचलावी, सोडावी, पुन्हा सुरात आणावी. असे पाच-सहा वेळा केले की बसण्याचा काळ कमी होतो. तरीही तीन दिवस ते आठवडा धरून चालावे, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तार बदलू नये. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तेव्हा वाद्य केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि भिंतीला टेकवून ठेवू नये.

तार स्थिरावली की बाराव्या पडद्याची परीक्षा घ्यावी. पडद्याच्या बरोबर वर बोट नुसते टेकवून वाजवलेला मधुर, पोकळ स्वर आणि तोच पडदा दाबून वाजवलेला स्वर एकच यायला हवेत. जाड तारेवर दाबलेला स्वर किंचित चढा येणे स्वाभाविक आहे. ट्यूनरवर काटा थोडा हलला तर कानाला खटकत नाही. फरक स्पष्ट ऐकू येत असेल तर ब्रिजवरची हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, म्हणजे सॅडल, चौथ्या तारेखाली मागच्या बाजूला उतरती करावी लागते, आणि ते काम कारागिराचेच आहे.

हाताला काय बदल जाणवेल

कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, बोटांच्या जागा एकही बदलत नाहीत, ही मोठी सोय आहे. बदलतो तो नाद. जीच्या कॉर्डमध्ये आता सर्वांत खाली खरोखर जी येतो आणि ती कॉर्ड भक्कम उभी राहते. एफच्या कॉर्डमध्ये हाय-जीवर चौथी आणि पहिली तार एकाच धैवतावर मिळायची, तो दुहेरी झंकार लो-जीवर राहत नाही. साथीचा हात पूर्वीच्याच जोराने मारला तर जाड तार बाकीच्या तिघींना झाकते, म्हणून पहिले काही दिवस अंगठा तिच्यावरून हलका सोडावा. बोटांनी छेडताना मात्र अंगठ्याला खालच्या स्वरांची स्वतंत्र चाल देता येते, आणि भूपातला तो अडलेला मंद्र धैवत दुसऱ्या पडद्यावर सहज हाताशी येतो.

परत हाय-जीवर येताना

क्रिया तीच, फक्त उलट. खाच घासून रुंद केली असेल तर बारीक तार तिच्यात इकडून तिकडे हलते आणि मोकळी वाजवताना झिणझिणते. कारागीर खाच भरून पुन्हा कापून देतो, किंवा दुसरा नट तयार करून देतो. सारखे बदल करायचे असतील तर दर खेपेला खाचेशी झगडण्यापेक्षा एक साधे सोप्रानो हाय-जीसाठी आणि एक टेनर लो-जीसाठी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उतरवलेली गुळगुळीत तार सैल वेटोळे करून पाकिटात ठेवली तर पुन्हा वापरता येते. वेष्टणाची तार गाठीपाशी मुडपलेली असते, दुसऱ्यांदा बांधताना ती तिथेच तुटते, म्हणून ती जपून ठेवण्यात अर्थ नाही.

नवी तार मिळेपर्यंत हाय-जीवरच मंद्र धैवत हवा असेल, तर षड्ज हलवावा. पांढरी चार, म्हणजे एफ, हा सा धरला तर तो दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर येतो; मोकळी तिसरी तार मंद्र पंचम होते, तिचा दुसरा पडदा मंद्र धैवत, आणि मोकळी दुसरी तार मंद्र निषाद. रिषभ दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, गंधार मोकळ्या पहिल्या तारेवर, पंचम तिच्या तिसऱ्या आणि मध्य धैवत पाचव्या पडद्यावर. तार षड्ज आठव्या पडद्यावर मिळतो, आणि भूप पूर्ण वाजतो.